दोन तक्त्यांमधलं लाकूड

हे घडलं दोन हजार बावीस साली. साल नक्की सांगता येतं, कारण ते एका फाईलच्या पाठीवर लिहिलेलं होतं, आणि तिच्या शेजारी पडलेल्या दुसऱ्या फाईलच्या पाठीवर होतं दोन हजार तीन. दोन्हीकडचं अक्षर एकाच बाईचं. मधल्या एकोणीस वर्षांत अक्षर थोडं उजवीकडे कललं होतं, एवढाच काय तो फरक. तिला एकोणसाठावं सरत आलं होतं, निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि कचेरीत तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. तिचं काम इमारतींचा कार्बन मोजण्याचं. इमारत उभी राहताना, वापरात असताना आणि शेवटी पाडली जाताना हवेत एकंदर किती कार्बन जाईल याचा तक्ता करायचा, तो परवाना कचेरीत द्यायचा, आकडा मर्यादेच्या आत असला की बांधकामाला परवानगी. सिमेंट, पोलाद, काच, विटा, सगळे अधिकमध्ये, कारण प्रत्येकाच्या मागे कुठेतरी भट्टी पेटलेली असते. एकटं लाकूड तेवढं उणेमध्ये बसतं. झाडानं वाढताना हवेतला कार्बन पिऊन घेतलेला असतो आणि त्याची तुळई झाली तरी तो तिच्या पोटात तसाच राहतो. मात्र ते उणे काही कायमचं नसतं. इमारत संपली, लाकूड जळलं किंवा कुजलं, की तेवढाच कार्बन परत हवेत, आणि तेवढाच आकडा शेवटच्या पानावर अधिकमध्ये. पहिल्या पानावर उणे, शेवटच्या पानावर अधिक, आणि मधल्या पानांवर नुसती वर्षं. घरी हे समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. वहिनी पाहुण्यांना सांगायची, “आमच्या वन्सं हवा मोजतात आणि वर पगारही घेतात!”

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरचा सहकारी हातात जुनी फाईल नाचवत आला. चाळिशीतला माणूस, हुशार, पण कुठलाही आकडा तीन दशांश स्थळांशिवाय तोंडातून काढायचा नाही, म्हणून त्याचं नावच दशांश पडलं होतं. चहा किती घेणार विचारलं तर “शून्य पूर्णांक सातशे पन्नास कप” म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

“बाई, तो नवा दवाखाना आहे ना आपला, त्या जागेवर आधी काय होतं बघायला मी कपाट उपसलं. आणि काय निघालं सांगू? तुमचीच म्हातारी!”

“कोण म्हातारी?”

“वाचनालय हो. लाकडी. साठ वर्षं आयुष्य दिलं होतंत तुम्ही तिला. एकोणीस पूर्णांक दोनशे पन्नासाव्या वर्षीच आटोपली की! सोमवारी पाडायला घेतायत.”

ती हसली. हसणं रीतसर झालं, दशांशही हसला, आणि फाईल टेबलावर ठेवून आपल्या जागी गेला. मग ती बराच वेळ फाईलवरच्या धुळीत उठलेल्या त्याच्या बोटांच्या खुणा बघत बसली. चार बोटं आणि एक अंगठा. कुणीतरी दाराची कडी पकडून आत डोकावावं तशा.

फाईल उघडली. पहिल्या पानावर तिच्या हातचा मोठा आकडा होता, उणे सत्तावीस. पायाचं काँक्रीट, काचा, बोल्ट सगळं धरून दीडशे टन अधिक, आणि दोनशे चाळीस घनमीटर लाकडाच्या पोटातले एकशे सत्याहत्तर टन उणे. म्हणजे उभी राहिली तेव्हा ती इमारत शून्याच्याही खाली होती. असले तक्ते तेव्हा नवे होते आणि त्या उणे सत्तावीसचं कौतुक झालं होतं. लांबलांबून माणसं आली होती. तिचा फोटो निघाला होता, तुळईला हात लावलेला, जणू तुळई तिनेच पाळलेली. शेवटचं पान कुणी उलटलं नव्हतं. तिथे साठाव्या वर्षासमोर, दोन हजार त्रेसष्टसमोर, अधिक एकशे सत्याहत्तर हे नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. साठ सगळेच लिहायचे, अजूनही लिहितात. पण फाईलच्या मागे जोडपत्रं होती, आणि चौथ्या जोडपत्रात जागेचा करार होता, आणि करार वीस वर्षांचा होता. वीसच्या शेजारी पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती. खूणही तिचीच. म्हणजे तिने ते वाचलं होतं. वाचून आताच्या साहेबांकडे गेली होती, तेव्हा ते साहेब झालेले नव्हते, तिच्या दोन पायऱ्या वर होते इतकंच, आणि ते म्हणाले होते, “जागेचा करार म्हणजे इमारतीचं आयुष्य नव्हे. साठ लिहा. आपल्यात साठच लिहितात.” आणि ती परत येऊन साठ लिहिताना तिला जरासुद्धा काही वाटलं नव्हतं. काही वाटल्याचं आठवावं म्हणून तिने आता डोळे मिटून पाहिलं, तर त्या दुपारचा फक्त पंखा आठवला.

मग तिने नवा तक्ता पुढे ओढला. दवाखानाही लाकडीच व्हायचा होता. मर्यादा चारशे टनांची, आकडा आला होता तीनशे बावन्न. सगळं व्यवस्थित, फक्त तिची सही राहिली होती. पहिल्या ओळीत तिनेच लिहिलं होतं: ‘रिकामी जागा.’ नियम तसाच होता. आधीची इमारत पाडणं हे आधीच्या इमारतीच्या तक्त्यात, नव्या इमारतीने सुरुवात स्वच्छ जमिनीपासून करायची. एकच गोष्ट दोन तक्त्यांत आली तर ती दोनदा मोजली जाते, आणि त्यांच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. मग सोमवारी पडणारं लाकूड कुठे होतं? जुना तक्ता म्हणत होता, ते अजून उभं आहे, दोन हजार त्रेसष्टपर्यंत हलायचं नाही. नवा म्हणत होता, ते इथे कधी नव्हतंच. जुन्या तक्त्याची फाईल बंद, वाचनालय चालवणारी संस्था मोडलेली. एकशे सत्याहत्तर टन आता बहुतेक धुराड्यातून निघणार होते आणि जगातल्या एकाही कागदावर ते निघताना दिसणार नव्हते. तिने दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवल्या. मध्ये टेबलाची बोटभर पट्टी उरली. त्या पट्टीकडे बघताना तिच्या कानात अगदी जवळून, स्वयंपाकघरातून यावा तसा, आईचा आवाज आला, “तिकडे धरतील तिला.”

अठ्ठेचाळीस वर्षं हा आवाज कुठे होता कोण जाणे. ती अकरा वर्षांची होती आणि घरोघर नगरपालिकेच्या शिरगणतीचे कागद वाटले होते. मोजणीचा कारकून दारात उभा राहून बजावून गेला होता, की एकच माणूस दोन ठिकाणी येता कामा नये, दोनदा आलं की सगळी बेरीज फुकट. आईने ते फार मनावर घेतलं. तिचं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं म्हणून तिला लिहायला बसवलं. बाबा, आई, दादा, ती. पाचवी ओळ आली तेव्हा तिने मान वर करून विचारलं, “आणि आत्या?” आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती दोन घरांत वाटली गेली होती. काही महिने सासरी दिराकडे, काही महिने इकडे मागच्या खोलीत, जिच्या खिडकीतून पाण्याची टाकी आणि टाकीवरचं शेवाळ दिसायचं. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर घडी घातलेली शाल, आणि आल्यापासून दोन-तीन दिवस उंबऱ्याजवळून बोलायची सवय. आई म्हणाली, “तिकडे धरतील तिला. उगाच दोनदा नको.” ती पाचव्या ओळीवर पट्टी ठेवून तिरकी रेघ मारत होती तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. तिच्या हाताचा साबणाचा वास आला. तिने कागद वाचला, वरपासून खालपर्यंत. बाहेर कुणाची तरी सायकल पडल्याचा आवाज झाला. मग आत्या म्हणाली, “अक्षर छान आहे गं तुझं,” आणि आत गेली. तिकडेही धरलं नव्हतंच. तिकडच्यांना वाटलं, इकडे धरतील. ते पुढे कळलं, जेव्हा शोधाशोध सुरू झाली आणि पोलिसांनी विचारलं, की बाई नेमक्या राहायच्या कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत ‘जागेवर जाऊन येते’ असा निरोप ठेवून ती वाचनालयाकडे गेली. गेली तेरा-चौदा वर्षं ती त्या रस्त्याने गेली नव्हती, मुद्दाम नव्हे, रस्ता वाकडा पडायचा. पत्रे ठोकून कुंपण केलेलं होतं. आतली कपाटं गेली होती, खिडक्यांच्या काचा काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्यामुळे वारा सरळ आरपार जात होता आणि त्या मोठ्या दालनाला उघड्या तोंडासारखा आवाज येत होता. पाडकामवाला पायरीवर बसून डबा खात होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यात फोन ठेवलेला.

“या ताई. वाचायला आला असाल तर उशीर केलात!”

“नाही. ही इमारत मी मोजली होती.”

“मोजली होती? मग पक्की मोजली हो. माझी माणसं दोन दिवस झाले डोकं धरून बसलीत. हललीय का कुठे, विचारा. मी शंभर इमारती पाडल्या असतील. काही असतात, नुसतं दरडावलं तरी खाली येतात. ही अजून पन्नास वर्षं उभी राहिली असती गुमान.”

“लाकूड कुठे जाणार?”

“कुठे म्हणजे? चक्कीत. भुसा करायचा, गोळ्या पाडायच्या, कारखान्याच्या भट्टीत. ट्रक सांगून ठेवलेत सोमवारपासून.”

“आख्ख्या तुळया काढता येत नाहीत?”

त्याने घास खाली ठेवला. तिच्याकडे, मग वर छताकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजातली थट्टा गेली. “येतात की. बोल्टांनी जोडलंय सगळं, खिळा नाही कुठे. अकरा दिवस जास्तीचे लागतील, मोठी क्रेन लागेल. ज्याने बांधली त्याने काढता येईल अशीच बांधलीय. पण कुणी विचारायला तर हवं ना? तुम्ही पहिल्या.”

ती आत गेली. एका तुळईचं टोक कापून पाहिलं होतं, आतला रंग अजून पिवळाधमक होता आणि त्यातून राळेचा ओला, गोडसर वास येत होता. एकोणीस वर्षं झाकून ठेवलेला वास. तिला वाटलं होतं, आपण येऊ, बघू, थोडं वाईट वाटेल आणि परत जाऊ. वाईट वाटलं नाही. भीती वाटली. तळहात टेकवला तर लाकूड माणसाच्या पाठीइतकं कोमट होतं, आणि तिच्या मनात आलं, की याला माहीत नाही. याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं आहे. तिने इतकी वर्षं शेकडो तक्त्यांमध्ये उणे लिहिलं, आणि प्रत्येक उण्याच्या मागे ‘पुढे कधीतरी, दुसरं कुणीतरी’ असं एक न लिहिलेलं वाक्य होतं. त्या वाक्यावर ती जगली होती. लग्न केलं नाही, बढत्या घेतल्या, आईचं आजारपण काढलं, पण आईला कधी विचारलं नाही, की तेवीस दिवस तुला एकदाही चौकशी करावीशी कशी वाटली नाही. तेवीस दिवस. आत्या एका सकाळी ट्रंक घेऊन निघाली, इकडच्यांना वाटलं तिकडे गेली, तिकडच्यांना वाटलं अजून इकडेच आहे, आणि चोविसाव्या दिवशी तिच्या दिराचं कार्ड आलं, की वहिनीला कधी पाठवताय. आईने ते कार्ड उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

बाहेर येऊन तिने एका दुकानाच्या सावलीत उभं राहून दादाला फोन लावला. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, गुडघ्यांनी घरी बसवलेला, फोन वाजला की दुसऱ्या घंटेला उचलायचा.

“काय गं, कामाच्या वेळी? बरी आहेस ना?”

“दादा, आत्या गेली तेव्हा किती दिवस कुणाला कळलं नव्हतं, आठवतं?”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. “आज हे काय मध्येच?”

“तेवीस ना?”

“असतील. सोड ना आता. तू अकरा वर्षांची होतीस. आईने सांगितलं ते तू लिहिलंस.”

“लिहिण्याचं कुठे म्हणाले मी?”

तो खाकरला. “मीच सोडायला गेलो होतो तिला. मोटारस्टँडवर. ट्रंक जड होती म्हणून. आई झोपली होती दुपारची, नाही, सकाळच होती, आई कुठेतरी गेली होती. मला वाटलं तिकडेच चाललीय सासरी. गाडी उभी होती ती तिकडची नव्हती, हे मला दिसलं. पाटी वाचता येत होती की मला. तिने विचारलं, ही कुठवर जाते रे? मी म्हटलं शेवटपर्यंत. ती हसली.”

“तू कधी बोलला नाहीस.”

“कुणी विचारलं नाही. पोलिसांनी बाबांना विचारलं, आईला विचारलं. मी चौदा वर्षांचा. मला वाटलं, मोठ्यांना माहीतच असेल.” मग एकदम चिडून, “आणि आता साठीला आल्यावर उकरून काय मिळणार आहे तुला? जेवलीस का?”

“नाही.”

“जेव आधी,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. दोघं रस्त्याचा आवाज ऐकत राहिली.

दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. तिच्या आईच्या आजारपणात त्यांनी तिला न मागता रजा दिली होती, ती वापरून संपल्यावर दुसरी दिली होती. त्यांनी नव्या तक्त्यात तिने पेन्सिलीने घातलेली ओळ वाचली. ‘जागेवरील जुन्या इमारतीचे लाकूड, जळण्यास जाणारे, अधिक १७७.’ खाली बेरीज पाचशे एकोणतीस.

“हे काय आहे बाई?”

“वाचनालयाचं लाकूड.”

“ते जुन्या तक्त्यात धरलेलं आहे.”

“कुठे?”

“शेवटच्या पानावर. तुम्हीच तर लिहिलंय.”

“तिथे ते अजून एक्केचाळीस वर्षांनी जळतंय साहेब. हे सोमवारी जळणार आहे.”

“म्हणून दोनदा धरायचं?” ते खरोखर दुखावल्यासारखे झाले. “तुम्ही असं करावं? एकच गोष्ट दोनदा धरायची नाही हे इथे कोण शिकवतं? तुम्ही! सगळ्या नव्या लोकांना तुम्हीच शिकवता.”

“दोनदा नको म्हणून एकदाही धरलं नाही. एकदा तरी कुठे धरलंय तेवढं दाखवा, मी ओळ पुसते.”

त्यांनी चष्मा काढला. “दवाखाना आहे तो, कुणाचा महाल नव्हे. जुन्या दवाखान्याच्या जिन्यात लोक उभे असतात, तुम्ही पाहिलेत? पाचशे एकोणतीस म्हटल्यावर परवाना अडकणार. शिव्या कुणाला बसतील? आणि अजून एक सांगू? साठ लिहिलं तेव्हा करार वीसचा होता. ते वर येईल. खाली सही माझी आहे, पण अक्षर तुमचं आहे. चार महिने राहिलेत, बाई. इज्जतीत घरी जा.”

ते म्हणत होते त्यात खोटं काहीच नव्हतं. जिन्यातली माणसं तिला दिसत होती. इज्जतही दिसत होती, निरोपाचा हार, दशांशाचं एखादं गमतीदार भाषण. “सही करत नसाल तर मी करतो,” साहेब हळूच म्हणाले, “आणि ही ओळ निघेल.” ती म्हणाली, “नव्या तक्त्यातली काढा. तो तुमच्या हातात आहे.” आणि आपल्या टेबलाशी आली. दशांश मान खाली घालून आकडे मांडत होता, पण त्याचे कान इकडे होते. तिने जुनी फाईल उघडली, साठवर एक आडवी रेघ मारली, वर एकोणीस लिहिलं, शेजारी आजची तारीख आणि सही. मग शेवटच्या पानावरचे एकशे सत्याहत्तर उचलून चालू वर्षासमोर आणले. मग परवाना कचेरीला पत्र लिहिलं. पत्र मोठं नव्हतं. ‘हा तक्ता मी केला. जागेचा करार वीस वर्षांचा आहे हे वाचूनही मी साठ लिहिले. त्यामुळे या इमारतीतले लाकूड अजून उभे आहे असा समज होतो. ते सोमवारी पाडले जाऊन जाळले जाणार आहे, आणि नव्या इमारतीच्या तक्त्यात ते नाही. तुळया आख्ख्या काढता येतात, अकरा दिवस लागतील. कुणाला तरी हे विचारावे लागेल, म्हणून कळवत आहे.’ अक्षर काही छान आलं नाही.

“बाई,” दशांश न राहवून म्हणाला, “हे देऊ नका. खरंच. निवृत्तिवेतनावर गदा आली तर?”

“किती टक्के शक्यता?”

तो हसला नाही. “मला माहीत नाही,” तो म्हणाला. तो असं म्हणालेला तिने पहिल्यांदाच ऐकलं.

परवाना कचेरीच्या खिडकीवर तिच्याच वयाची एक बाई होती, जाड भिंगांची, समोर रबरी शिक्क्यांचा डबा. तिने पत्र वाचलं, फाईल चाळली, पुन्हा पत्र वाचलं.

“हे लावू कुठे मी? जुनी फाईल बंद झालीय. नव्यात याचं नावच नाही.”

“दोन्हीत लावा.”

“अहो, दोन्हीत कसं? दोनदा होईल.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी घड्याळ बघत ‘आटपा हो’ म्हणालं. तिने खिडकीची कड धरली. “होऊ दे,” ती म्हणाली. “एवढ्या वेळी होऊ दे दोनदा.” भिंगांतून तिच्याकडे क्षणभर पाहून त्या बाईने पत्राची नक्कल काढली, आणि दोन शिक्के मारले. ठप्, ठप्. त्या दोन आवाजांच्या मध्ये जेवढा वेळ गेला तेवढा वेळ तिला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटत राहिलं. वळून पाहिलं नाही.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. सोमवारी ट्रक आले आणि परवाना कचेरीने काम थांबवल्याचं कळून रिकामे गेले. साहेबांनी नवा तक्ता स्वतःच्या सहीने, ती ओळ काढून, दिलेला होता, पण दोन फाईलींत तेच पत्र सापडल्यावर परवाना कचेरीने विचारलं, की हे लाकूड कुणाचं. सात आठवडे त्याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. शेवटी तडजोड झाली, तुळया सोडवायच्या ठरल्या, अकराचे सव्वीस दिवस लागले. दोनशे चाळीसपैकी नव्वद घनमीटर दवाखान्याच्या छपराला लागलं. बाकीचं पावसात भिजलं, फुगलं आणि भट्टीतच गेलं. दवाखाना एक वर्ष उशिरा उघडला. त्या वर्षात जुन्या जिन्यावर उभ्या राहिलेल्या माणसांना तिला काही सांगता आलं नसतं, आणि तिने कधी स्वतःचं समर्थनही केलं नाही. तिला ताकीदपत्र मिळालं, निवृत्तिवेतन तेवढं शाबूत राहिलं. निरोपसमारंभ झाला नाही. साहेब दुसऱ्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. एकदा बँकेत दिसले तेव्हा त्यांनी मान हलवली, तिनेही हलवली, आणि दोघांनी आपापल्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या धरून ठेवल्या. पाडकामवाल्याने गावाबाहेर जुन्या तुळयांची वखार काढली, ती जोरात चालते म्हणतात. आत्याचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दादा दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात गेला. शेवटी शेवटी वहिनी सांगायची, दुपारी मध्येच उठून बसतात आणि पाटी वाचल्यासारखं काहीतरी पुटपुटतात. खिडकीवरच्या बाईचं पुढे काही समजलं नाही.

तक्त्याच्या छापील नमुन्यात मात्र पहिल्या पानावर एक ओळ वाढली: ‘जागेवर आधी काय होते.’ बहुतेक जण तिथे शून्य लिहितात, आपल्यात तसंच लिहितात म्हणून. दशांश आता साहेबांच्या खोलीत बसतो, केस पांढरे झाले आहेत. वर्षातून तीन-चार वेळा तिला त्याचा फोन येतो. एखाद्या जागेचं वर्णन करतो, नकाशा कसा आहे, जुनी कागदपत्रं कशी सापडत नाहीत, आणि मग विचारतो, “बाई, त्या ओळीत काय लिहू?”

“तू जाऊन आलास का तिथे?”

“जातो,” म्हणतो.

कधी तो जातो आणि कधी जात नाही. फोनवर आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो.